परवडणारा डिजिटल कॅमेरा : निवड आणि सुरुवात

सामान्य माणसाच्या खिशाला झेपेल असा कॅमेरा बाजारात आणण्याचा पहिला मोठा प्रयत्न १९०० साली झाला. अमेरिकेतील ईस्टमन कोडॅक कंपनीने ‘ब्राउनी’ नावाचा, पुठ्ठ्याच्या डब्यासारखा साधा कॅमेरा एका डॉलरला विकायला काढला आणि फोटो काढणे ही स्टुडिओवाल्यांची मक्तेदारी उरली नाही. भारतात पुढे अनेक घरांत ‘आग्फा क्लिक थ्री’ आला. त्याच्या एका रोलवर बारा चौरस फोटो निघत. हे कॅमेरे स्वस्त होते, पण त्यांचा वापर स्वस्त नव्हता. रोल विकत घ्यायचा, तो धुवून आणायचा, मग प्रती छापून घ्यायच्या; प्रत्येक फोटोमागे पैसे मोजावे लागत. त्यामुळे कॅमेरा लग्न, मुंज, सहल अशा मोजक्या प्रसंगीच कपाटाबाहेर येई, आणि ज्याच्या हाती तो असे त्याचा सराव कधी होतच नसे. डिजिटल कॅमेऱ्याने हा हिशेब उलटा केला. आता जवळजवळ सगळा खर्च सुरुवातीलाच होतो आणि त्यानंतर दहाव्या फोटोलाही काही पडत नाही, दहा हजाराव्यालाही नाही. त्यामुळे सुरुवातीचा पैसा नेमका कशावर जातो याला फार महत्त्व येते. आणि शिकण्यासाठी लागणारा सराव फुकट असल्याने, सराव करावासा वाटेल असा कॅमेरा निवडणे हीच निवडीची पहिली कसोटी ठरते.

डिजिटल चित्रणाचा पाया १९६९ साली घातला गेला. बेल लॅबोरेटरीजमध्ये विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडी हा सिलिकॉनचा घटक कल्पिला. त्याबद्दल त्यांना २००९ साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. १९७५ साली कोडॅकमधील तरुण अभियंता स्टीव्हन सॅसन याने असा घटक वापरून हातात धरता येईल असा पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. त्याच्या चित्रात १०० गुणिले १००, म्हणजे दहा हजार ठिपके होते आणि एक चित्र कॅसेटच्या फितीवर उतरायला २३ सेकंद लागत. हौशी माणसाच्या आवाक्यात लेन्स बदलता येणारा डिजिटल कॅमेरा यायला मात्र २००३ साल उजाडावे लागले. त्या वर्षी कॅननचा ईओएस ३००डी हजार डॉलरच्या आत मिळू लागला. पुढची सात-आठ वर्षे भरभराटीची होती. जपानी कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१० साली जगभरात १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे दुकानांकडे रवाना झाले. २०२० साली हाच आकडा ९० लाखांच्या आत आला. मधल्या काळात मोबाइल फोनने स्वस्त कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याची जागा घेतली होती. या घसरणीचा परिणाम आजही ग्राहकाला जाणवतो. पाच-सात हजारांचे नवे खिशातले कॅमेरे बाजारातून जवळपास नाहीसे झाले, कंपन्यांनी महाग मॉडेलांवर लक्ष वळवले, आणि त्याच वेळी आधीच्या भरभराटीच्या काळातले लाखो चांगले कॅमेरे जुन्या बाजारात येऊन पडले.

मग हातात चांगला फोन असताना वेगळा कॅमेरा कशासाठी, हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर प्रामाणिकपणे द्यायला हवे. दिवसाउजेडी घरच्या माणसांचे, जेवणाचे, प्रवासातल्या देखाव्याचे फोटो काढून लगेच पाठवायचे असतील, तर फोन पुरेसा आहे. किंबहुना अनेक चित्रे जुळवून एक चित्र बनवण्याची त्याची हातोटी पाहता काही प्रसंगी तो कॅमेऱ्यापेक्षा सरस ठरतो. कॅमेरा लागतो तो दूरच्या पक्ष्यासाठी, कमी उजेडात हलणाऱ्या माणसांसाठी, नाटकाच्या किंवा शाळेच्या संमेलनाच्या रंगमंचासाठी, मोठ्या आकारात छापायच्या चित्रासाठी. भर उन्हात फोनचा पडदा दिसेनासा होतो तेव्हा डोळ्याला लावायची खिडकी, म्हणजे व्ह्यूफाइंडर, उपयोगी पडते. आणखी एक कारण आहे आणि शिकू पाहणाऱ्यासाठी तेच सर्वांत मोठे आहे. प्रकाश, वेळ आणि स्पष्टता यांचे निर्णय फोन स्वतःच घेतो. कॅमेऱ्यात ते माणसाच्या बोटांखाली असतात. फोटो कसा घडतो हे ज्याला समजून घ्यायचे आहे, त्याला कॅमेऱ्यासारखा गुरू नाही.

कॅमेऱ्याच्या आत फिल्मच्या जागी सेन्सर असतो. त्यावर लक्षावधी सूक्ष्म घरे असतात. प्रत्येक घरात पडलेल्या प्रकाशाचे विद्युतभारात रूपांतर होते आणि तो भार मोजून आकडा मिळतो. घराला स्वतःला रंग कळत नाही. म्हणून त्यांच्यावर लाल, हिरव्या, निळ्या गाळण्यांची जाळी बसवतात. कोडॅकमधील ब्राइस बायर यांनी आखलेल्या या जाळीला १९७६ साली पेटंट मिळाले आणि बहुतेक कॅमेऱ्यांत आजही तीच वापरात आहे. तिच्यात हिरव्या गाळण्या इतर दोन रंगांच्या प्रत्येकी दुप्पट असतात, कारण माणसाचा डोळा उजेडातले बारकावे हिरव्या रंगाच्या आसपास सर्वाधिक टिपतो. सेन्सर जितका मोठा, तितका एका क्षणात जास्त प्रकाश गोळा होतो आणि तितके अंधारातले चित्र स्वच्छ येते. फुल फ्रेम सेन्सर ३६ गुणिले २४ मिलिमीटरचा असतो. एपीएस-सी साधारण २३.५ गुणिले १५.६ मिलिमीटरचा, मायक्रो फोर थर्ड्स १७.३ गुणिले १३चा, तर लांब झूमच्या छोट्या कॅमेऱ्यांतला सुमारे ६.२ गुणिले ४.६चा. क्षेत्रफळाच्या हिशेबाने एपीएस-सी हा या शेवटच्या सेन्सरच्या तेरापट मोठा भरतो. जाहिरातीत ‘एक इंची’ म्हटलेला सेन्सर प्रत्यक्षात १३.२ गुणिले ८.८ मिलिमीटरचाच असतो, हे खरेदीच्या वेळी लक्षात असू द्यावे. मर्यादित पैशांत शिकायला एपीएस-सी हा सर्वांत समाधानकारक मुक्काम आहे. फुल फ्रेमच्या मोहात पडले की बॉडीपेक्षा लेन्सच जास्त महाग पडत जातात.

दुकानदार मात्र बोलतो ते मेगापिक्सेलबद्दल. चार गुणिले सहा इंचांचा फोटो उत्तम प्रतीने छापायला सव्वादोन मेगापिक्सेलही लागत नाहीत. पूर्ण ए४ पानाला पावणेनऊ पुरतात. घरातल्या फोर-के टीव्हीच्या पडद्यावर एकूण ८३ लाख ठिपके असतात, म्हणजे तिथेही साडेआठ मेगापिक्सेलच्या पुढचे काही दिसतच नाही. २०१२ साली आलेला निकॉन डी३२०० हा सुरुवातीच्या श्रेणीतला कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा होता आणि २०२३ साली आलेला कॅननचा आर५० हाही २४ मेगापिक्सेलचाच आहे. या दशकभरात फोकस लावण्याची चपळाई, डोळे ओळखण्याची क्षमता आणि व्हिडिओ यांत मोठी सुधारणा झाली. स्थिर चित्राच्या दर्जात तेवढी झाली नाही. दहा वर्षांपूर्वीचा नीट राखलेला कॅमेरा आजही उत्तम फोटो देतो, हे वाक्य गरजेपोटी केलेली तडजोड म्हणून न वाचता वस्तुस्थिती म्हणून वाचावे.

आज परवडणाऱ्या गटात तीन जातींचे कॅमेरे येतात. लांब झूमचे, लेन्स न बदलता येणारे कॅमेरे ही पहिली जात. २०१५ साली आलेल्या निकॉन पी९००मध्ये ८३ पट झूम होता. असे कॅमेरे भिगवणला रोहित पक्षी पाहायला किंवा उरणच्या पाणथळीवर जाणाऱ्या पक्षिनिरीक्षकांच्या मोठ्या कामाचे असतात, कारण तेवढी लांब वेगळी लेन्स घ्यायची तर तिच्या किमतीत चार कॅमेरे येतील. पण त्यांचा सेन्सर छोटा असतो आणि संध्याकाळ झाली की चित्र दाणेदार होऊ लागते. दुसरी जात डीएसएलआर. यात लेन्समधून आलेला प्रकाश आरशावरून परावर्तित होऊन डोळ्यापर्यंत पोहोचतो. बटण दाबले की आरसा वर उचलला जातो. बॅटरी फार टिकते, हाताची पकड चांगली असते आणि जुन्या लेन्सचा साठा प्रचंड आहे. तिसरी जात मिररलेस. पॅनासोनिकने २००८ साली मायक्रो फोर थर्ड्सचा पहिला असा कॅमेरा आणला आणि आता जवळजवळ सगळ्या कंपन्यांचे नवे संशोधन याच दिशेला वळले आहे. आरसा नसल्याने बॉडी आटोपशीर होते आणि फोटो काढण्याआधीच तो किती उजळ किंवा काळा येणार हे दिसते. नवशिक्याला या शेवटच्या गुणाचा फार फायदा होतो. स्वस्त मिररलेसमध्ये कुठे ना कुठे काटछाट मात्र केलेली असते. निकॉन झेड३०ला व्ह्यूफाइंडर नाही, कॅनन आर१००चा पडदा स्पर्शाने चालत नाही. आपल्याला नेमके काय नको आहे हे ठरवूनच अशी काटछाट पत्करावी.

बॉडी आणि लेन्स जिथे जुळतात त्या कड्याला माउंट म्हणतात. कॅमेरा घेताना खरे तर माणूस माउंट निवडत असतो, कारण पुढच्या सगळ्या लेन्स त्यालाच बांधलेल्या राहतात. कॅननचा ईएफ माउंट १९८७ सालापासून आहे आणि त्याच्या प्रत्येक ऑटोफोकस लेन्समध्ये स्वतःची मोटर असते, त्यामुळे पस्तीस वर्षांपूर्वीची लेन्सही आजच्या ईएफ बॉडीवर फोकस लावते. निकॉनचा एफ माउंट १९५९ सालचा आहे. मात्र डी३००० आणि डी५००० मालिकांतल्या बॉडींमध्ये फोकसची मोटर नसते. त्यांच्यावर ‘एएफ’ किंवा ‘एएफ-डी’ लिहिलेली जुनी लेन्स बसते, पण फोकस हाताने फिरवून लावावा लागतो. त्यांना ‘एएफ-एस’ किंवा, बॉडी पुरेशी नवी असल्यास, ‘एएफ-पी’ प्रकारची लेन्स हवी. हे ठाऊक नसल्यामुळे स्वस्तात मिळालेली लेन्स घरी आणून पस्तावणारे कितीतरी असतात. मिररलेसमध्ये सोनीचा ई माउंट २०१० सालचा, तर कॅननचा आरएफ आणि निकॉनचा झेड हे २०१८ सालचे. कॅननच्या जुन्या ईएफ लेन्स जोडकडे लावून नव्या बॉडीवर व्यवस्थित चालतात, ही सोय भावी खर्चाच्या दृष्टीने मोलाची आहे.

चित्र घडते ते लेन्समध्ये. बॉडी ते नोंदवून ठेवते. कॅमेऱ्याबरोबर बहुधा १८-५५ मिलिमीटरची किट लेन्स येते. तिला नावे ठेवण्याची पद्धत आहे, पण ती तशी टाकाऊ नसते. दरवाजातून आत पाहिल्यासारखा रुंद देखावा आणि समोरच्या माणसाचा छातीपर्यंतचा फोटो, हे दोन्ही तिच्यात बसते, आणि आपल्याला कोणत्या अंतरावरून पाहायला आवडते हे तिच्याच आधारे कळते. तिची अडचण एकच, आणि ती घरात शिरताच जाणवते. पूर्ण झूम केल्यावर तिचे प्रकाश आत सोडणारे छिद्र जास्तीत जास्त एफ/५.६ एवढेच उघडते. त्याऐवजी ५० मिलिमीटर, एफ/१.८ची प्राइम, म्हणजे झूम नसलेली, लेन्स लावली तर सेन्सरपर्यंत सुमारे नऊ-दहा पट अधिक प्रकाश पोहोचतो. जिथे किट लेन्सला एक दशांश सेकंद लागत होता आणि खेळणारे मूल हमखास हलके पुसट येत होते, तिथे ही लेन्स शंभरांश सेकंदाच्या आसपास काम उरकते. शिवाय मागचे कपाट, कॅलेंडर, दोरीवरचे कपडे धूसर होऊन चेहरा पुढे येतो. कॅननची २०१५ सालची ५० मिलिमीटर एफ/१.८ एसटीएम आणि निकॉनची २००९ सालची ३५ मिलिमीटर एफ/१.८जी या दोन्ही लेन्स किमतीच्या मानाने अतिशय गुणी आहेत. एपीएस-सी सेन्सरवर दृश्याची चौकट दीडपटीने आवळली जात असल्यामुळे आपल्याकडच्या लहान खोल्यांत ५०पेक्षा ३५ मिलिमीटर सोयीची पडते. ५० लावून घरातल्या चौघांना एका चौकटीत घ्यायचे तर भिंतीला पाठ टेकते. जवळ असलेल्या पैशांत एकतर महाग बॉडी किंवा साधी बॉडी आणि अशी एक लेन्स, असा पर्याय असेल तर दुसरा घ्यावा. इथे दुमत होण्याचे कारण दिसत नाही.

किमती बदलत राहतात, तरी अंदाज बांधता येतो. नवा मिररलेस कॅमेरा लेन्ससकट घ्यायचा तर पन्नास-साठ हजारांची तयारी लागते. वापरलेला, सुस्थितीतला सुरुवातीच्या श्रेणीतला डीएसएलआर वीस हजारांच्या आसपास मिळू शकतो आणि उरलेल्या पैशांत प्राइम लेन्स बसते. मुंबईत फोर्टमधील बोराबाजार ही कॅमेऱ्यांची जुनी पेठ आहे. तिथे आणि इतर शहरांतल्या जाणत्या दुकानांत जुना माल हाताळून पाहता येतो. पाहताना घाई करू नये. बॉडीवर लेन्स नीट बसते का, डगमगते का, हे आधी पाहावे. लेन्सच्या एका बाजूने टॉर्च मारून दुसऱ्या बाजूने तिरपे बघितले की काचेच्या आतली बुरशी कोळ्याच्या बारीक धाग्यांसारखी दिसते. ती दिसली तर लेन्स परत ठेवावी, मग किंमत काहीही असो. छिद्र एफ/१६वर ठेवून मोकळ्या आकाशाचा फोटो काढला तर सेन्सरवरची धूळ काळपट ठिपक्यांच्या रूपात दिसते. धूळ साफ करता येते, ओरखडे काढता येत नाहीत. झाकण लावून काही सेकंदांचा फोटो काढल्यास कायम पेटलेले बिंदू उघड होतात. शटर किती वेळा उघडले हेही विचारावे. साध्या बॉडीचे शटर साधारण एक लाख वेळा चालावे अशा बेताने बनवलेले असते. निकॉनच्या फोटो फाइलमध्येच हा आकडा नोंदलेला असतो, कॅननच्या बऱ्याच मॉडेलांत मात्र तो वेगळ्या सॉफ्टवेअरने काढावा लागतो. चाचणीसाठी स्वतःचे मेमरी कार्ड न्यावे आणि काढलेले फोटो घरी संगणकावर मोठे करून पाहावेत. बिल, बॉडीवरचा क्रमांक आणि खोक्यावरचा क्रमांक जुळायला हवेत. नवा कॅमेरा घेत असल्यास भारतातील अधिकृत वॉरंटी आहे ना याची खात्री करावी. परदेशातून परस्पर आणलेला माल स्वस्त दिसतो, पण दुरुस्तीच्या वेळी कोणीच दार उघडत नाही.

सोबतच्या वस्तूंवर फार खर्च नको, मात्र दोन बाबतींत कंजुषीही नको. मेमरी कार्ड नामांकित कंपनीचे आणि खात्रीच्या दुकानातूनच घ्यावे, कारण नकली कार्डांचा सुळसुळाट आहे आणि ती नेमकी भरत आल्यावर दगा देतात. २४ मेगापिक्सेलची एक रॉ फाइल, म्हणजे सेन्सरने नोंदलेली कच्ची माहिती, साधारण २५ एमबीची होते, म्हणजे ६४ जीबीच्या कार्डात दोन हजारांहून अधिक फोटो मावतात. एका मोठ्या कार्डापेक्षा दोन मध्यम कार्डे बरी. एक बिघडले तरी सगळे जात नाही. दुसरी वस्तू जादा बॅटरी, विशेषतः मिररलेससाठी. ट्रायपॉड हवा असेल तर जड आणि ठाम घ्यावा; वाऱ्याने थरथरणारा हलका ट्रायपॉड असून नसल्यासारखा. बाकी गाळण्या, पट्टे, भल्यामोठ्या बॅगा यांची घाई नको.

कॅमेरा हाती आला की पहिले काम डोळ्याचे. व्ह्यूफाइंडरच्या कडेला एक बारीक चाक असते, ते फिरवून आतली अक्षरे स्वच्छ दिसेपर्यंत जुळवावे. चष्मा लावणाऱ्या अनेकांना हे चाक ठाऊक नसते आणि ते लेन्सला दोष देत राहतात. डावा तळहात लेन्सच्या खाली, कोपरे अंगालगत, श्वास सोडताना बटण. एवढ्यानेच निम्मे हललेले फोटो कमी होतात. पूर्ण स्वयंचलित मोडवर दोन-चार दिवस घालवायला हरकत नाही, त्यापुढे मात्र तिथे थांबू नये. निकॉनवर ‘ए’ आणि कॅननवर ‘एव्ही’ असे लिहिलेला मोड सुरुवातीला सर्वांत चांगला शिकवतो. त्यात छिद्र माणूस ठरवतो, वेळ कॅमेरा ठरवतो.

प्रकाशाचे प्रमाण तीन गोष्टींवर ठरते. छिद्राचे आकडे १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ अशा पायऱ्यांनी जातात आणि दर पायरीला प्रकाश निम्मा होतो. आकडा वाढला की छिद्र लहान होते आणि जवळचे-दूरचे दोन्ही अधिक स्पष्ट दिसू लागते. शटरचा वेग हलणारी गोष्ट गोठवतो किंवा वाहू देतो. हात स्थिर राहायचा तर वेग लेन्सच्या लांबीच्या प्रमाणात हवा. एपीएस-सीवर ५० मिलिमीटरची लेन्स ७५ मिलिमीटरसारखी वागते, म्हणून १/८० सेकंदापेक्षा संथ जाऊ नये. समोर पळणारे मूल असेल तर १/२५०ही कमी पडतो. तिसरी गोष्ट आयएसओ. ती वाढवली की मिळालेला संकेत वाढवून दाखवला जातो, सोबत दाणेही वाढतात. नवशिके दाण्यांना फार भितात. गणपतीच्या मिरवणुकीत रात्री आयएसओ ३२०० ठेवून आलेला दाणेदार पण धारदार फोटो ठेवण्याजोगा असतो. आयएसओ १००च्या हट्टापायी हललेला फोटो कोणालाच नको असतो. स्वच्छ उन्हात मीटरशिवायही अंदाज बांधता येतो. छिद्र एफ/१६ आणि आयएसओ १०० असेल तर सुमारे १/१०० किंवा १/१२५ सेकंद वेळ बरोबर येते, आणि तिथून एका बाजूने जितक्या पायऱ्या उतराव्यात तितक्या दुसऱ्या बाजूने चढाव्यात.

कॅमेऱ्यातला मीटर हुशार असला तरी त्याची एक ठाम समजूत असते. समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या छटेचे आहे, असे धरून तो चालतो. आषाढात पालखीच्या वाटेवर पांढऱ्या टोप्या आणि पांढरे सदरे घातलेल्या वारकऱ्यांनी चौकट भरली की मीटर म्हणतो उजेड फार झाला, आणि सगळे करडे करून टाकतो. वर ढगाळ आभाळ असेल तर फोटो आणखी मळकट दिसतो. अशा वेळी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनचे अधिक-उणे चिन्ह शोधून दोन-तृतीयांश ते एक पायरी अधिक करावी. वेरूळच्या कैलास लेण्याच्या काळ्या पाषाणासमोर नेमके उलटे घडते. मीटर काळ्याला करडा बनवू पाहतो, दगडाचा भारदस्तपणा जातो आणि वरचे आकाश जळून पांढरे होते. तिथे तितकेच उणे करावे. अजिंठ्याच्या लेण्यांत फ्लॅशला मनाई आहे, त्यामुळे तिथे मोठ्या छिद्राची लेन्स, उच्च आयएसओ आणि स्थिर हात यांवरच भिस्त ठेवावी लागते. फोटो काढल्यावर पडद्यावरच्या चित्रावर विश्वास न ठेवता हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाच्या वाटपाचा आलेख पाहायची सवय लावावी. पडदा उन्हात काळपट आणि अंधारात उजळ भासतो, आलेख मात्र फसवत नाही. आलेख उजव्या टोकाला आदळला असेल तर तिथले तपशील बहुधा गेलेले असतात आणि गेले की ते नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने परत येत नाहीत.

फोकससाठी मधला एकच बिंदू निवडून, बटण अर्धे दाबून तो डोळ्यांवर पक्का करावा, मग हवी ती चौकट जुळवून पूर्ण दाबावे. पळत्या विषयासाठी सतत फोकस लावत राहणारा प्रकार असतो. निकॉनवर त्याला ‘एएफ-सी’ आणि कॅननच्या डीएसएलआरवर ‘एआय सर्व्हो’ म्हणतात. उजेडाची जाण मात्र बटणांतून येत नाही, ती पाहण्यातून येते. घरातल्या एका खिडकीपाशी एकाच माणसाला सकाळी, दुपारी, संध्याकाळी बसवून फोटो काढले की सावली केव्हा मऊ असते आणि केव्हा कठोर, हे पुस्तकापेक्षा लवकर कळते. सरावासाठी दूर जाण्याची गरज नसते. दादासाहेब फाळके यांनी १९१२च्या सुमारास पूर्ण लांबीच्या चित्रपटाकडे वळण्यापूर्वी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपावर कॅमेरा रोखला आणि रोज थोडे थोडे चित्रण करून ‘अंकुराची वाढ’ हा लघुपट तयार केला. पुढच्या कामाला भांडवल मिळवताना तो उपयोगी पडला. एकच वस्तू, एकच लेन्स आणि बदलता उजेड असा महिनाभर अभ्यास केला, तर त्यातून कॅमेऱ्याची बहुतेक बटणे आपोआप पाठ होतात.

फोटो जेपीजी किंवा रॉ अशा दोन रूपांत साठवता येतो. जेपीजीत प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या असतात आणि कॅमेऱ्याने आपला निर्णय घेऊन टाकलेला असतो. रॉमध्ये १२ बिट असल्यास ४,०९६ आणि १४ बिट असल्यास १६,३८४ पायऱ्या असतात, त्यामुळे ट्यूबलाइटखाली हिरवट-पिवळी झालेली कांती किंवा सावलीत बुडालेला चेहरा नंतर सावरता येतो. सुरुवातीला दोन्ही एकदम साठवावीत. जेपीजी लगेच पाठवता येते आणि रॉ शिकण्यासाठी उरते. संपादनासाठी दरमहा पैसे भरण्याचे कारण नाही. डार्कटेबल आणि रॉथेरपी ही मुक्त सॉफ्टवेअर आहेत. कॅनन आणि निकॉन आपापली सॉफ्टवेअरही विनामूल्य देतात. जपणुकीबाबत अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला नियम सोपा आहे : प्रत्येक फोटोच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यांतली एक घराबाहेर. प्रती झाल्याची खात्री होईपर्यंत कार्ड रिकामे करू नये, आणि रिकामे करताना संगणकावर न करता कॅमेऱ्यातच फॉरमॅट करावे.

राहिला प्रश्न हवेचा, आणि कोकणात, मुंबईत, गोव्यात तो सर्वांत गंभीर आहे. जून ते सप्टेंबर हवेतली आर्द्रता इतकी असते की लेन्सच्या काचांवर बुरशी उगवते. कॅमेरा जपावा म्हणून तो चामड्याच्या कव्हरात घालून कपाटात ठेवला जातो. बुरशीला याहून अनुकूल जागा नाही, कारण चामडे आणि कापड ओल धरतात आणि आत अंधार असतो. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि एक छोटा आर्द्रतामापक एवढी व्यवस्था काही शे रुपयांत होते. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहावी. सिलिका जेलचा रंग बदलला की ते तापवून कोरडे करून पुन्हा वापरता येते. वातानुकूलित खोलीतून बाहेरच्या दमट हवेत जाताना कॅमेरा अर्धा तास बंद पिशवीतच राहू द्यावा, म्हणजे काचेवर दव धरत नाही. भिजला तर कोरड्या मऊ कापडाने टिपून, बॅटरी काढून, पंख्याखाली ठेवावा. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तरी कॅमेरा बाहेर काढून वापरावा. उजेड आणि मोकळी हवा बुरशीला मानवत नाहीत. बुरशी लागलीच तर सुरुवातीला कुशल कारागीर लेन्स उघडून ती पुसू शकतो. उशीर झाल्यास तिच्यातून निघणारे आम्ल काचेवरच्या लेपावर खुणा पाडते. त्या खुणा निघत नाहीत. किट लेन्सच्या बाबतीत असा दुरुस्तीखर्च बहुतेक वेळा दुसऱ्या वापरलेल्या किट लेन्सच्या किमतीपेक्षा जास्त होतो, म्हणून तिथे दुरुस्तीचा आग्रह न धरता लेन्स बदलणेच सोयीचे ठरते.